अकरा मिनिटं सात सेकंद

१

प्रज्योतचा डावा बूट कुरकुरत होता. पाऊल टेकलं की ‘चुर्र’, उचललं की आणखी एक बारीकसं ‘चुक’. बूट कालच घेतलेले. अकोल्याहून तो परदेशात सँडल घालूनच आला होता, आणि सँडलवर युनिव्हर्सिटीच्या स्टेजवर चढायचं नाही म्हणून यशोधनने त्याला पिस्कॅटवेच्या एका दुकानात ओढत नेऊन हा जोड घेऊन दिला होता.

“रिटर्न करून टाकू यार, रिसीट आहे माझ्याकडे,” यशोधन गाडी सुरू करता करता म्हणाला.

“राहू द्या भाऊ. तेवढीच सोबत.”

मागे बसलेली उपासना हसली. तिच्या मांडीवर चिवड्याचा डबा होता आणि घरातून निघाल्यापासून तो अर्धा झाला होता.

यशोधन पुण्याचा, उपासना नागपूरची. यशोधन धम्मदीपचा रूममेट आणि उपासना त्याच्या लॅबमधली. धम्मदीप म्हणजे प्रज्योतचा दादा. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. त्याचं पीएचडीचं काम जवळजवळ पुरं झालेलं होतं, म्हणून युनिव्हर्सिटीने डिग्री द्यायचं ठरवलं आणि ती घ्यायला घरातलं कुणीतरी या, असं पत्र पाठवलं. दादारावांची, म्हणजे वडिलांची, बायपास झालेली. आईने विमानाला ठाम नकार दिला. राहता राहिला प्रज्योत. नववी नापास माणूस पीएचडी घेऊन घरी जाणार, असा रेकॉर्ड अख्ख्या अकोला जिल्ह्यात कुणाचा नसेल, हे तो विमानात शेजारच्या काकांना दोनदा सांगून आला होता. हल्ली तो खूप हसवायचा. बातमी आली त्या दिवशी त्याने चालू अँप्लिफायरवर लाथ घातली होती. तेव्हापासून हात, पाय आणि तोंड यांना काहीतरी काम देत राहणं त्याला बरं पडत होतं.

अँप्लिफायर, कारण साउंड सिस्टीम लावणं हा त्याचा धंदा. लग्नं, सभा, चौदा एप्रिलची मिरवणूक. गर्दीत जनरेटरवाल्याला इशारा द्यायचा तर फोन चालत नाही, म्हणून तोंडात दोन बोटं घालून तो शिट्टी मारायचा. पुढचा दात अर्धा तुटलेला, त्यामुळे ती शिट्टी मध्येच फाटायची आणि दोन सुरांत जायची.

“लीडर लोकांचं एक असते,” तो यशोधनला सांगत होता. “रेकॉर्डिंग ऐकवलं की म्हणतात, हा माझा आवाज नाही, तुझा माइक खराब आहे. स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून ओळखूच येत नाही ना भाऊ. आमदार असो की नवरदेव.”

हसता हसता त्याने खिशातल्या फोनवरून हात फिरवला. त्यात दादाचा शेवटचा व्हॉइस मेसेज होता. प्रज्योतला वाचायला वेळ लागतो, म्हणून दादाने त्याला कधी मेसेज टाइप करून पाठवला नाही. बोलून पाठवायचा, तेही बटणावर अंगठा दाबून धरून. लॉक करायची सोय त्याला आवडायची नाही. म्हणायचा, तुझ्याशी बोलताना हात रिकामा नको.

हा मेसेज अकरा मिनिटं सात सेकंदांचा होता. मागच्या वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दादा एकटाच सॉल्टरबी नावाच्या गावी गेला होता. उपासनाही जाणार होती, पण लॅबमध्ये तिचा प्रयोग अडकला. त्या गावात फिरत फिरत दादाने सगळं वर्णन केलं होतं. शेवटी समुद्रात घुसलेल्या दगडी बांधावर कुणीतरी शिट्टी मारतं, दादा दचकतो, हसतो आणि म्हणतो, “अरे... तू?” तिथे मेसेज संपतो. अंगठा सुटला की मेसेज आपोआप जातो. फोन दगडांच्या फटीत सापडला. दादा दोन दिवसांनी.

पोलिसांनी कागदात लिहिलं, पाय घसरला. शिट्टीवाला माणूस सापडला नाही. कुत्र्याला हाक मारणारा कुणीतरी असेल, असं ते म्हणाले.

नागपूरच्या विमानतळावर आईने प्रज्योतच्या शर्टाचं वरचं बटण लावलं होतं आणि सांगितलं होतं, “डिग्री आन का नको आनू. शेवटी त्याच्यासंग कोन होतं, तेवढं विचारून ये.”

२

सॉल्टरबी लागलं आणि तिघंही एकदम गप्प झाले, कारण गाव फारच गोंडस होतं. दादाने मेसेजमध्ये सांगितलंच होतं: तीनशे वर्षांपूर्वी समुद्रातून आलेल्या इंग्रजांनी आपलं बाजाराचं गाव आठवून आठवून इथं पुन्हा बांधलं. विटांची बुटकी घरं, बोळ, मधोमध चौक, आणि चौकात खांबांवर उभं असलेलं बाजारघर. खाली दुकानं, वर घंटा. आज बाजाराच्या सीझनचा पहिला शनिवार. सगळीकडे पताका, चीज, मध, रोपं, लोकरीच्या टोप्या. एका म्हाताऱ्याने तर जुन्या काळचा लांब कोट आणि तीन टोकांची टोपी घातली होती आणि तो सगळ्यांना वाकून नमस्कार करत होता. यशोधनने त्याला उलट कमरेत वाकून मुजरा केला. म्हातारा खूश झाला.

प्रज्योतने दोघांना सांगितलं, मी दादासोबत एक चक्कर मारून येतो. उपासनाला कळलं. तिने यशोधनला बाहीला धरून डोनटच्या गाडीकडे वळवलं.

त्याने डाव्या कानात इयरफोन घातला, उजवा मोकळा ठेवला. बाजारघराखाली उभा राहिला. मेसेज घंटेने सुरू होतो, म्हणून तो घंटेची वाट बघत थांबला. तीन टोकांच्या टोपीने दोरी ओढली. प्रज्योतने बटण दाबलं.

“जय भीम, ऑपरेटर,” दादा म्हणाला. “घंटा ऐकली? हे तुझ्या हॉर्नपेक्षा भारी आहे. चल, तुला बाजार दाखवतो.”

हे वाक्य प्रज्योतने हजारदा ऐकलं होतं. तरी गर्दीत ते ऐकताना त्याचे खांदे आपोआप सैल झाले. दादा म्हणाला डावीकडे, तो डावीकडे वळला. दादा म्हणाला, इथं एक बाई चीज विकते, बघ कशी प्रत्येकाला आग्रह करते. बाई होतीच. गोरीपान, लाल एप्रनची. मेसेजमध्ये ती मागून ओरडते, “डोंट बी शाय, माय डार्लिंग!” प्रज्योत तिच्यासमोरून गेला आणि ती ओरडली, “डोंट बी शाय, माय डार्लिंग!”

दोन्ही कानांत एकदम.

त्याला गंमत वाटली. भाजीवालाही दिवसभर एकच आरोळी देतो. त्यात काय. त्याने चीजचा तुकडा तोंडात टाकला, बाईला अंगठा दाखवला आणि पुढे गेला.

चार मिनिटं वीस सेकंदांना मेसेजमध्ये काच फुटते आणि लोक टाळ्या वाजवतात. दादा हसतो: “गेली बरणी! आपल्याकडे शिव्या पडल्या असत्या, इथं टाळ्या.” तो आवाज येणार हे प्रज्योतला पाठ होतं. समोर एक माणूस जॅमच्या बरण्यांचा ट्रे घेऊन चालला होता. कानात काच फुटली. ट्रेमधली वरची बरणी घरंगळली आणि दगडी फरशीवर फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रज्योतने मेसेज थांबवला.

३

डोनटच्या गाडीपाशी ऊन छान होतं. तो दोघांजवळ जाऊन बाकावर बसला आणि एकामागे एक तीन डोनट खाल्ले. यशोधनला वाटलं पोराला भूक लागली. प्रज्योत खरं तर हिशेब करत होता. आवाजाचं काम करणाऱ्या माणसाला आवाजाची भीती वाटून चालत नाही. उशीर असतो, प्रतिध्वनी असतो, कान दमतो. एखादा आवाज आधीपासून पाठ असला की माणूस तो बाहेरही ऐकतो. बरण्या बाजारात रोज फुटत असतील. आणि घंटेबरोबर सुरू केलं म्हणून वेळ जुळली. आता थांबवलंय. वीस मिनिटं बसू, मग सुरू करू. आपोआप मोडेल.

म्हणून तो मुद्दाम बसला. उपासना दादाच्या गोष्टी सांगत होती. दादाने पहिल्या हिवाळ्यात बर्फ पडलं तेव्हा घरमालकाला विचारलं होतं की हे झाडून कुठं टाकायचं, आणि मालक म्हणाला होता, बाजूला. तर दादाने इमानदारीत सगळं बर्फ शेजारच्याच्या गाडीवर टाकलं होतं. यशोधनने शेजाऱ्याची नक्कल केली. प्रज्योत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि मग पाणी थांबेना, तेव्हा उपासनाने डब्यातला चिवडा त्याच्या ओंजळीत ओतला.

“त्या दिवशी मी आले असते ना,” ती थोड्या वेळाने म्हणाली, “तर तो इतका पुढे गेलाच नसता. मला उंचीची भीती वाटते. मी आले की आम्ही कायम अर्ध्यातून परत फिरायचो.”

“ताई, तसं नका म्हणू.”

“म्हणत नाही. कोण होतं तिथे, एवढं मलाही कळायला हवंय.”

प्रज्योतने घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं झाली होती. तो उठून गर्दीच्या कडेला गेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. इथं कुणी नव्हतं. मेसेजमध्ये पुढे एक कुत्रा दोनदा भुंकतो आणि एक माणूस खोकत खोकत हसतो. इथं ना कुत्रा, ना माणूस. त्याने बटण दाबलं.

“...टाळ्या,” दादा म्हणाला. “बाजार संपला की एक बोळ लागतो.”

पायरीमागचं दार उघडलं. आतून एक तपकिरी कुत्रा बाहेर आला, प्रज्योतच्या गुडघ्याकडे बघून दोनदा भुंकला आणि त्याची दोरी धरलेला माणूस सॉरी म्हणत हसायला लागला, आणि हसता हसता खोकला.

वेळ मोडली नव्हती. ती त्याच्यासाठी थांबून राहिली होती.

४

आता परत जावं, असं त्याला वाटलं. बाकावर दोघं दिसत होते, यशोधन कुठलीतरी लोकरीची टोपी डोक्यावर घालून फोटो काढून घेत होता. वीस पावलांवर सगळं जग नीट होतं. पण दादा कानात बोलत होता, आणि दादा बोलत असताना उठून जायची सवय प्रज्योतला नव्हती. तो बोळात शिरला.

बोळ अरुंद होता आणि स्वच्छ. दोन्ही बाजूंना बंद खिडक्या, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. बाजाराचा गलका दारं लावल्यासारखा मागे राहिला. दादा म्हणत होता, बघ, आवाज कसा कापला जातो इथं, तुला आवडेल.

आणि मग ते सुरू झालं. चुर्र, चुक. चुर्र, चुक.

मेसेजमधला तो आवाज प्रज्योतला माहीत होता. सहा मिनिटं पन्नास सेकंदांपासून कुरकुर येते. दादाचे बूट, असं त्याने पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. पुढे दादाचं सामान खोक्यातून घरी आलं, त्यात ते बूट होते, मऊ कापडी. ते वाजत नव्हते. तरीही त्याने पुन्हा विचार केला नव्हता.

आता डाव्या कानातली कुरकुर आणि उजव्या कानातली कुरकुर एकच होती. तो थांबला. दोन्ही थांबल्या. त्याने उजवा पाय पुढे टाकला. शांत. डावा टाकला.

चुर्र.

दादा बोलत होता आणि त्याच्या मागून कुणीतरी चालत होतं. वर्षभर ऐकताना प्रज्योतला नुसता बुटाचा आवाज ऐकू आला होता. अंतर आज पहिल्यांदा ऐकू आलं. माइकपासून दहा-बारा फूट. सतत तेवढंच.

त्याने खाली बसून दोन्ही बूट काढले, लेस एकमेकींना बांधल्या आणि हातात घेतले. दगड गार होता. कानातली कुरकुर बंद झाली. नऊ मिनिटं झाली होती, आणि नऊ मिनिटांना ती बंद होतेच. कायमच व्हायची.

फोन बंद करून भिंतीपलीकडे फेकून द्यावा असं एकदा मनात आलं. त्याचा हात वरसुद्धा गेला. मग विमानतळावरचं ते वरचं बटण आठवलं, गळ्याशी घट्ट लागलेलं. अजून दोन मिनिटं. त्या टोकाला कोण उभं होतं ते बघायचं आणि परत यायचं.

५

बोळ संपला आणि एकदम समुद्र. ऊन, वारा, पांढरे पक्षी, आईस्क्रीमची गाडी सुद्धा. भिण्यासारखं काहीच नव्हतं. दगडी बांध सरळ पाण्यात गेलेला, आणि त्याच्या सुरुवातीला साखळी लावून पाटी टांगलेली. पाटी वाचायला प्रज्योतला वेळ लागला असता. तो साखळीवरून पलीकडे गेला.

“इथून दिसतो बघ,” दादा म्हणाला. “आईला आणायचं इथं. तू पण ये. साउंडचं सगळं विकून ये म्हटलं तर चिडशील, म्हणून तसंच ये.”

दहा मिनिटं तीस.

प्रज्योतने मागे पाहिलं, बाजूला पाहिलं. शिट्टी दहा अठ्ठावन्नला. ती मारणारा माणूस आता दिसायला हवा. कुत्रेवाला, कोळी, कुणीही. बांधावर कुणी नव्हतं. किनाऱ्यावर एक बाई बाळाला आईस्क्रीम भरवत होती, तिचे दोन्ही हात गुंतलेले. दहा चाळीस. कुणीही नव्हतं.

मग त्याने पुढे पाहिलं.

बांधाच्या टोकाला, जिथं दगड हिरवे होतात, तिथं मरून रंगाचं जॅकेट होतं. पाठमोरं. डावा खांदा थोडा खाली, नेहमीसारखा. उजवा हात तोंडापाशी, आणि फोन धरायची ती पद्धत, अंगठा वर. वाऱ्याने जॅकेटचं टोक उडत होतं.

प्रज्योतला विचार करायला सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं कुणास ठाऊक. त्याने विचार केला नाही. त्याला फक्त हिरवे दगड दिसले आणि त्यावरचे कापडी बूट दिसले, आणि एक पाऊल मागे सरकलं की काय होतं ते त्या सगळ्या जगात फक्त त्यालाच माहीत होतं. तो दादा म्हणून ओरडला. वाऱ्याने तो शब्द तोंडातून बाहेरही पडू दिला नाही. हातातले बूट खाली पडले. त्याने दोन बोटं तोंडात घातली.

शिट्टी बांधावरून सरळ गेली आणि मध्येच फाटली, दोन सुरांत.

डाव्या कानातही ती मध्येच फाटली.

मरून जॅकेट दचकलं. वळू लागलं. अर्धा गाल, चष्म्याची काडी, आणि त्या गालावर पसरत चाललेलं हसू.

“अरे...” दादा त्याच्या कानात म्हणाला. “तू?”

६

“बाजारापर्यंत आली शिट्टी यार,” यशोधन धापा टाकत म्हणाला. “तो टोपीवाला म्हातारा घाबरून खालीच बसला.”

दोघंही धावत आले होते. यशोधनच्या डोक्यावर अजून ती लोकरीची टोपी होती. प्रज्योत साखळीच्या अलीकडे, अनवाणी, ओले बूट शेजारी ठेवून बसला होता. बांध पूर्ण रिकामा होता आणि ऊन तसंच छान होतं. उपासनाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती त्याच्या शेजारी दगडावर बसली. कळलं का काही, असं तिने विचारलं. त्याने मान डोलावली आणि सांगितलं, आधी आईला फोन लावू द्या.

अकोल्यात रात्र झाली होती, पण पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“गेला होतास तिथं?” आईने विचारलं.

“हो. गाव लई छान आहे, आई. दादा म्हनत होता तसंच.”

“सापडला का तो मानूस?”

समोर एक लाट आली, हिरव्या दगडांवर चढली आणि सावकाश उतरली.

“सापडला.”

मागे दादाराव कोण आहे, कोण आहे असं विचारत होते.

“ओळखीचा होता?”

“हो. दादाने त्याला ओळखलं. पाहून हसला तो. मस्त हसला.”

“म्हंजे एकटा नव्हता.”

“नव्हता.”

“मग त्या मानसाले हात नाही देता आला?”

“लांब होता, आई,” प्रज्योत म्हणाला. “त्याला वाचवायचंच होतं.”

आईने नाक ओढलं. भांडं सरकवल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज आला तो वर्षभरात पहिल्यांदा मोकळा झालेला.

“अजून तिथंच आहे का तो?”

“आहे.”

“तर सांग त्याले,” आई म्हणाली, “आमचा काही राग नाही म्हना त्याच्यावर.”

प्रज्योतने बूट जवळ ओढले आणि लेस सोडवू लागला. गाठ ओली झाल्याने सुटत नव्हती.

“सांगतो,” तो म्हणाला.